रुंद तोंडाच्या कुत्र्यासाठी रबरी टोपलीचं मुसकं: वर्षभर वापरल्यानंतर

आधी निकाल सांगते. घरात पिटबुल, अमेरिकन बुली, स्टॅफर्डशायर किंवा यांच्यातला कुठलाही संकर असेल, तर रबरी टोपलीचं मुसकं घ्या. कापडी नळीवालं घेऊ नका. पाचपैकी साडेचार गुण देते, अर्धा का कापला ते पुढे येईलच. दुकानात बास्केट मझल म्हणून मागायचं. आमच्या सासूबाई मुसकंच म्हणतात, कारण त्यांच्या माहेरी मळणीच्या बैलांना मुसकी बांधत असत. आता घरात सगळेच तसं म्हणतो.

कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. याच आकाराची वस्तू बऱ्याच नावांनी मिळते, आणि आमच्या कुत्रीला, ताराला, जे बसलं ते तुमच्या कुत्र्याला बसेलच असं नाही. माप कसं घ्यायचं आणि घेताना काय तपासायचं हे कळलं की कंपनी तुम्हीच निवडाल.

मी पुण्यात सिंहगड रोडला राहते, फार्मसिस्ट आहे, औषधाचं दुकान सांभाळते. ताराला माझ्या धाकट्या दिराने पिल्लू असताना आणलं. पुढे त्याची नोकरी बंगळुरूला गेली, तिथे घरमालक कुत्रा ठेवू देईना, तेव्हापासून ती आमची. पट्टेदार अंग, रुंद कपाळ, वजन सत्तावीस किलो. विकणाऱ्याने पिटबुल म्हणून विकली होती, वंशावळीचा कागद काही नाही. आमचे डॉक्टर म्हणतात, मिश्र आहे, पण बांधा आणि ताकद त्याच घराण्याची धरून चाला. मीही तेच धरून चालते.

ताराने आजवर कुणाला चावा घेतलेला नाही. मग मुसकं कशाला, हे मला सोसायटीत, रस्त्यावर, अगदी जनावरांच्या दवाखान्यातही विचारतात. एक ताई तर म्हणाल्या, ‘किती गरीब आहे हो बिचारी, कशाला छळता!’ त्यांना दिलेलं उत्तर इथे नीट लिहिते, कारण याच उत्तरामुळे ही खरेदी झाली.

जुलै २०२२ मध्ये लखनौच्या कैसरबागेत ऐंशी ओलांडलेल्या एका निवृत्त शिक्षिका घरच्याच पिटबुलच्या हल्ल्यात गेल्या. ऑगस्ट २०२४ मध्ये गोव्यात हणजुणला सात वर्षांच्या मुलाचा जीव गेला. जुलै २०२५ मध्ये मुंबईत मानखुर्दला रिक्षात बसलेल्या अकरा वर्षांच्या मुलाला पिटबुल चावला. कुत्र्याचा मालक समोर हसत होता, ती चित्रफीत तुम्हीही पाहिली असेल. ती पाहून मला रात्रभर झोप लागली नाही. मूल जिवाच्या आकांताने बाहेर पडायला बघतंय आणि ज्याच्या हातात कुत्र्याला आवरणं आहे तो हसतोय. अशा माणसाला मी कुत्र्याचा मालक म्हणणारच नाही. पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा दाखल केला, ते योग्यच झालं.

प्रत्येक वेळी कुत्रा पाळणारे आम्ही सगळे एकच म्हणतो, आमचा तसला नाही. असेलही. पण लिफ्टमध्ये शेजारी उभ्या असलेल्या बाईला ते कसं कळणार? तिने माझ्या शब्दावर आपलं मूल माझ्या कुत्र्याच्या तोंडाशी का उभं करावं? माझा तारावरचा विश्वास हा माझा आणि ताराचा प्रश्न आहे. शेजाऱ्यांना दिसेल, हात लावून बघता येईल असं काहीतरी मी त्यांना द्यायला हवं.

या जातींबद्दल दोन टोकांचं ऐकायला मिळतं. एक म्हणजे जबड्याला कुलूप लागतं. तसं काही नसतं, जबड्याची रचना इतर कुत्र्यांसारखीच असते. दुसरं, सगळं संगोपनावर असतं, जातीचा काही संबंध नाही. तेही मला पटत नाही. यांचे पूर्वज इंग्लंडात बैलावर सोडण्यासाठी तयार केले गेले. १८३५ मध्ये तो खेळ कायद्याने बंद झाला, मग त्यांच्या आपसांत झुंजी लावल्या गेल्या. धरायचं, झटकायचं, मार खाऊनही सोडायचं नाही, यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली. पॉमेरियनही चावतो, कदाचित जास्त वेळा चावत असेल. पण पॉमेरियनचा चावा आणि सत्तावीस किलोच्या कुत्रीने धरून झटकलेला हात यांतला फरक मला दुकानात दिसतो. कापूस, गॉज, प्रतिजैविकं न्यायला जे नातेवाईक येतात, त्यांच्या चेहऱ्यावरच कळतं जखम केवढी आहे ते.

रेबीजच्या लसीबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. दात लागून कातडी फाटली, रक्त आलं, की ती तिसऱ्या, म्हणजे सर्वांत गंभीर श्रेणीची जखम. आधी वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, तिखट काही भरायचं नाही. मग थेट डॉक्टरकडे. दंडात घ्यायची लस ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी असते, आणि अशा जखमेत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हेही भरावं लागतं. लोक पहिले दोन डोस घेतात आणि जखम वाळली म्हणून पुढचे सोडून देतात. असं करू नका. खासगीत परवडत नसेल तर सरकारी आणि पालिकेच्या रुग्णालयात लस मिळते. कुत्रा ओळखीचा आहे, लस दिलेला आहे, म्हणून घरी बसू नका. काय द्यायचं न द्यायचं ते डॉक्टर ठरवतील.

आता वस्तूकडे येते.

तारासोबत दिराकडून एक काळं नायलॉनचं मुसकं आलं होतं. तीनशे-साडेतीनशे रुपयांत कुठेही मिळतं. तोंडाभोवती घट्ट नळी बसते, मागे चाप. घातलं की तोंड मिटतं. कुत्र्याला घाम येतो तो जवळजवळ पंजांच्या तळव्यांपुरता. अंगातली उष्णता तो जीभ बाहेर काढून, धापा टाकून घालवतो. तोंडच बांधलं तर एप्रिलमधल्या पुण्यात पाच-दहा मिनिटांतही तो तापू शकतो, आणि आखूड नाकाच्या, जाड मानेच्या कुत्र्यांना तर आधीच उष्णता सोसत नाही. नखं कापताना किंवा इंजेक्शन देताना डॉक्टरांनी दोन मिनिटं बांधलं तर ठीक. फिरायला नेताना हे वापरणं म्हणजे जनावराचा जीव धोक्यात घालणं. दुकानदार मात्र हेच पुढे करतात, कारण स्वस्त आहे आणि चटकन खपतं.

तारेची टोपली हा दुसरा पर्याय. हवा उत्तम खेळते, पोलिसांच्या कुत्र्यांना पाहिली असेल. पण ती जड असते, उन्हात तापते, आणि खेळताना कुणाच्या गुडघ्यावर आपटली तर चांगलंच लागतं.

रबरी टोपली या दोघांच्या मधली. लवचीक पण मजबूत जाळी, आतून कुत्र्याला तोंड उघडता येतं, धापा टाकता येतात, पाणी पिता येतं, पुढच्या फटीतून खाऊ देता येतो. चावणं मात्र फार अवघड होतं. आम्हाला सोळाशे रुपयांना पडली.

माप हीच खरी मेख आहे. दोन मापं घ्यायची: डोळ्यांच्या मधल्या खळगीपासून नाकाच्या शेंड्यापर्यंतची लांबी, आणि डोळ्यांच्या साधारण एक बोट खाली तोंडाचा घेर. ताराची लांबी साडेआठ सेंटिमीटर, घेर तीस. आता पाकिटावरचा तक्ता बघा. तो लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड अशा लांब तोंडाच्या जातींवर बेतलेला असतो. साडेआठ लांबीला मधलं माप येतं, त्यात ताराचे गाल मावत नाहीत. तीस घेराला मोठं माप येतं, ते नाकापुढे दोन बोटं लोंबतं आणि मागे डोळ्यांवर चढतं. माझा अर्धा गुण इथे गेला. बुली बांध्याच्या कुत्र्यांनाच मुसक्याची सर्वांत जास्त गरज, आणि त्यांच्याच तोंडाचं माप दुकानात धड मिळत नाही.

आम्ही मोठ्या मापाच्या एक खालचं घेतलं आणि ते रुंद केलं. हे रबर गरम पाण्यात मऊ पडतं, तशी सूचना पाकिटावर असेल तरच करायचं. पातेल्यात कडकडीत पाणी घेतलं, चिमट्याने टोपली धरून त्यात बुडवली, मऊ पडताच स्टीलच्या गोल डब्यावर चढवून दोन्ही बाजूंनी ताणली आणि तशीच नळाखाली गार पाण्यात धरली. नवरा डबा धरून, मी टोपली दाबून. सासूबाईंनी लांबून विचारलं, ‘अगं, हा तर माझा शेवयांचा डबा!’ डबा घासून जागेवर गेला आणि टोपलीला हवा तो फुगवटा आला. आता ताराचे गाल कुठे दबत नाहीत. तोंड पूर्ण उघडून जीभ बाहेर येते का, हे मी दर वेळी पाहते. येत नसेल तर माप चुकलं, बाकी कितीही छान बसो.

पट्ट्यांकडे तितकंच लक्ष द्या. यांचं डोकं आणि मान जवळजवळ सारख्याच जाडीची, त्यामुळे फक्त मागच्या पट्ट्यावर टिकणारं मुसकं पंजाच्या दोन झटक्यांत निघतं. नाकावरून कपाळावर जाऊन मागच्या पट्ट्याला मिळणारा तिसरा पट्टा हवाच. शिवाय गळपट्ट्यात अडकवायचा हूक असेल तर उत्तम. मागचा पट्टा कानांच्या लगेच मागे, वर, असा बसवायचा की खाली जेमतेम एक बोट शिरेल. नाकाच्या हाडावर रबर घासतं, तिथे आम्ही जुन्या स्वेटरचा मऊ तुकडा शिवून टाकला.

आणि आणल्या आणल्या तोंडावर चढवू नका. ही सवय लावण्याची गोष्ट आहे. सुरुवातीला टोपली फक्त हातात धरायची, आत तळाला दही चोपडायचं. कुत्र्याने आपणहून तोंड आत घातलं तरच चाटायला मिळेल. तारा दह्याला जीव देते, पहिल्याच संध्याकाळी तोंड घालून मोकळी झाली. पण पट्टा लावण्याची घाई आम्ही केली नाही. नुसतं तोंड घालणं, मग क्षणभर पट्टा मानेवर टेकवणं, मग चाप लावून लगेच काढणं, मग घरातल्या घरात चार पावलं, असं जाऊ दिलं. पंजाने ओरबाडायला लागली की एक पायरी मागे. आता मुसकं खुंटीवरून काढलं की ती स्वतः येऊन तोंड घालते, कारण तिच्या लेखी त्याचा अर्थ फिरायला जायचं. जे लोक शिक्षा म्हणून किंवा भुंकू नये म्हणून मुसकं घालतात, त्यांच्या कुत्र्यांना ते दिसलं की शेपूट पायात जाते. तसं होऊ देऊ नका.

मुसकं सगळ्यावर उतारा नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगते. मुसकं घातलेला कुत्रा सहसा चावू शकत नाही, पण धावत येऊन म्हाताऱ्या माणसाला पाडू शकतो. त्यामुळे लीश, म्हणजे हातात धरायची दोरी, हवीच, आणि ती चार-पाच फुटांची, न वाढणारी. बटण दाबून सुटत जाणारी लीश या कुत्र्यांना मुळीच नको. हाताला कळेपर्यंत तो समोरच्यापर्यंत पोचलेला असतो. आम्ही ताराच्या छातीवर पुढे अडकणारा हार्नेस (अंगावर घालायचा पट्ट्यांचा साज) आणि गळपट्टा दोन्हीला लीश जोडतो. तिला बाहेर नेणारा माणूस तिला शरीराने थोपवू शकणारा हवा. माझी मुलगी नववीत आहे, तारावर तिचा जीव आहे, तरी लीश तिच्या हातात एकटीच्या देत नाही. लिफ्ट रिकामी असेल तरच आम्ही चढतो, कुणी आलं तर उतरून जिन्याने जातो. भर उन्हात फिरवणं नाही, आणि घरी एकटी असताना मुसकं कधीच नाही. कुठेतरी अडकून गुदमरू शकते.

घरातली काळजी वेगळीच. लखनौची घटना घरात घडली होती, तिथे फिरायचं मुसकं काय कामाचं? म्हणून आमच्याकडे स्वयंपाकघर आणि हॉलच्या मध्ये छोटं लाकडी फाटक आहे. तारा जेवत असताना कुणी तिच्याजवळ जात नाही. नणंदेचं लहान बाळ येतं तेव्हा तारा बंद खोलीत असते, आणि त्याबद्दल कुणाची समजूत काढायला मी बसत नाही. सासूबाई आणि तारा दोघीच घरी असल्या तर त्यांना एकत्र राहू देत नाही, तेवढ्या वेळापुरतंही फाटक लागलेलं असतं. सुरुवातीला सासूबाईंना वाईट वाटायचं, ‘माझ्या पायाशी झोपते ती’ म्हणायच्या. आता फाटकाची कडी त्या स्वतःच आठवणीने घालतात.

कायदा काय सांगतो, हे सोसायटीच्या बैठकीत हमखास निघतं. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला पाळीव कुत्र्यावर बंदी घालता येत नाही, आणि मुसक्याची सक्तीही करता येत नाही. अनेक मालक हाच कागद फडकवतात. मला त्याचा अर्थ असा वाटतो की सोसायटीला सांगता येत नसेल तर ते आपण आपणहून करायला हवं. कारण चावल्यानंतर कायदा येतोच. भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली जनावराच्या बाबतीत निष्काळजीपणा केल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. मुंबईत २०१० मध्ये रॉटवायलर चावल्याच्या प्रकरणात मालकाला २०२३ मध्ये तीन महिन्यांची शिक्षा झाली. वरळीत २०१८ मध्ये लिफ्टमध्ये हस्की चावल्याच्या प्रकरणात २०२५ मध्ये चार महिन्यांची. हस्कीला तर सहसा कुणी धोकादायक म्हणत नाही!

बंदीबद्दल मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींची यादी काढून राज्यांना पत्र पाठवलं होतं, पिटबुल आणि रॉटवायलर त्यात होते. एप्रिलमध्येच ते कर्नाटक आणि दिल्ली उच्च न्यायालयांत टिकलं नाही, कारण संबंधितांचं म्हणणं ऐकून घेतलं नव्हतं. हणजुणच्या घटनेनंतर गोवा सरकारने पिटबुल आणि रॉटवायलरवर बंदीची पावलं उचलली. इंग्लंड-वेल्समध्ये फेब्रुवारी २०२४ पासून एक्सएल बुली, म्हणजे मोठ्या आकाराचा अमेरिकन बुली, सूट-प्रमाणपत्राशिवाय ठेवता येत नाही, आणि प्रमाणपत्र असलं तरी नसबंदी, मायक्रोचिप, विमा, बाहेर लीश आणि मुसकं सक्तीचं. ही अटी घालण्याची पद्धत मला पटते. आहे त्या कुत्र्यांना रस्त्यावर सोडून देण्यापेक्षा त्यांच्या मालकांवर ठोस अटी घाला. आपल्याकडे २०१७ च्या नियमांनुसार पैदास करणाऱ्याची नोंदणी लागते आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही. तरी ताराला विकणाऱ्याने पावतीसुद्धा दिली नव्हती. ‘झुंजीचं रक्त आहे’ असं कौतुकाने सांगून पिल्लं विकणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो. ज्याला दरारा हवाय तो असं पिल्लू घेतो, साखळीला बांधून चिडवतो, आणि शेवटी भोगतं कुणाचं तरी मूल आणि ते कुत्रं.

आमच्या सोसायटीत मुसक्यामुळे काय बदललं? तिसऱ्या मजल्यावरचे काका ताराला पाहून आधी पार्किंगमधून मागे फिरायचे. आता थांबतात, लांबून ‘काय तारामती’ म्हणतात आणि मग जातात. वॉचमन मामा मुलांना सांगतात, ‘टोपली घातलीय म्हणून हात लावायचा नाही, आधी ताईंना विचारायचं.’ हे मला फार आवडलं. काही जण मुसकं पाहूनच घाबरतात, हा चावरा असणार म्हणून लांब होतात. होऊ देत, त्या अंतराने ताराही शांत राहते.

टिकाऊपणाबद्दल थोडक्यात: रबराला वर्षभरात तडा नाही. पट्टे पावसाळ्यात ओले राहून कुबट वास मारतात, तेव्हा साबणाने धुवून पंख्याखाली वाळवायचे. चापाचं प्लास्टिक मला कच्चं वाटतं, म्हणून दर वेळी ओढून पाहते आणि गळपट्ट्याचा हूक लावल्याशिवाय दाराबाहेर पडत नाही.

घ्यायला जाताना शक्य तर कुत्र्याला दुकानात सोबत न्या, सकाळी गर्दी नसताना. मापाचं बदलून देणार का, हे पैसे देण्याआधी विचारा, कारण पहिल्या फटक्यात बसण्याची शक्यता या तोंडांना कमीच. बदलून देत नसतील तर दुसरं दुकान बघा. अगदीच पग किंवा फ्रेंच बुलडॉगसारखं चपटं तोंड असेल तर ही टोपली टिकत नाही, त्यांच्यासाठी पूर्ण चेहरा झाकणारी जाळीची वेगळी येते, तीच मागा.